मित्रा नेमका कोणता खेळ खेळते?

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या बाजारात ज्वारी हातात घेऊन बघत होते. म्हणाल्या, "इतकी वर्षं मुलींना खेळ शिकवलात, काहीतरी प्रेरणादायी लिहून द्या." मी म्हटलं, "बाई, माझ्याकडे प्रेरणा कमी आणि आरडाओरडा जास्त आहे. चालेल का?" मला वाटलं नको म्हणतील. त्या चालेल म्हणाल्या, आणि मी अडकले.

मी मूळची उदगीरची. घरात अडत दुकान. आप्पा पहाटे लिंगपूजा आटोपून गादीवर बसायचे ते दिवेलागणीलाच उठायचे. मी बी.पी.एड.ला जाते म्हटल्यावर त्यांनी आईला विचारलं होतं, "ही काय पैलवान होणार का?" आईनं "शिव शिव" म्हणून कपाळाला हात लावला. पैलवान नाही झाले, पण शिट्टी मात्र निवृत्तीपर्यंत गळ्यात राहिली. सुरुवातीची काही वर्षं किनवटच्या बाजूला एका आश्रमशाळेत काढली, बाकी सगळी बिलोलीला, मुलींच्या शाळेत. आता लातूरला लेकाकडे राहते. सून म्हणते, "आई, घरात हळू बोला." सवय आहे, काय करू?

पीटीची बाई काय करते हे सांगावंच लागतं, कारण शाळेतल्या लोकांनाही ते कधी नीट कळलं नाही. गणिताचा पोर्शन मागे पडला की पीटीचा तास गणिताला. पाहुणे यायचे असले की पीटीच्या मुली सतरंज्या घालायला. एकदा गणिताच्या सरांना मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, "सर, उद्या तुमच्या तासाला मी पोरींना लंगडी खेळायला नेते, चालेल ना?" ते पुढे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. तासही मागितला नाही, तेवढा फायदा झाला.

बाकी काम म्हणजे मैदानातल्या बाभळीच्या काट्या वेचा, चुन्याच्या फक्कीनं रेघा मारा, खांब रोवा, रोवलेला खांब कुणाच्या गोठ्याला गेला ते शोधून परत आणा. पण हे निम्मंच. उरलेलं निम्मं काम लोकांच्या ओसरीवर बसून होतं. पोरीला नांदेडला खेळायला न्यायचं तर बाप म्हणतो हाफ चड्डी घालावी लागते का, आजी म्हणते ऊन लागून काळी पडेल, आणि चुलता, ज्याचा काही संबंध नाही, तो म्हणतो जीपमध्ये कोण कोण असणार. प्रत्येकाला उत्तर द्यायचं, प्रत्येक घरी चहा प्यायचा. माझी ॲसिडिटी ही त्या चहाची देणगी आहे.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. शाळेच्या स्पर्धा पायरीपायरीनं असतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. वरच्या पायरीवर खेळलं की दहावी-बारावीला जादा गुण मिळतात, पुढे पदक मिळालं तर नोकरीत राखीव जागा. हे गुण फार लोकांना गोड लागतात. म्हणून हुशार पालक असा खेळ शोधतात की ज्याचं नावसुद्धा तालुक्यात कोणी ऐकलेलं नाही. समोर स्पर्धकच नाही, मग पोरगं घाम न गाळता विभागाला. मी अशी पोरं बघितली आहेत की ज्यांनी आपल्या खेळाचा चेंडू पहिल्यांदा प्रमाणपत्र घेताना बघितला. तोही फोटोत.

आणि जी पोरं खरोखर खेळतात, त्यांना सगळे एकच मंत्र देतात: एक धर. एकाच खेळात राहा, त्यातच घास, त्यातच नाव काढ. मंत्र वाईट नाही, पुष्कळांना लागू पडतो. पण किनवटला एक पोरगी होती, वसतिगृहात न राहता रोज रानातून पळत शाळेला यायची. शहरातून आलेल्या एका प्रशिक्षकानं तिला बघितलं आणि लांब पळण्यालाच जुंपलं. दोन वर्षं दुसरं काही नाही, चेंडूला हात लावायचा नाही. पदक आलं. नंतर मला भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, आता कुनी पळ म्हनलं की पोटात गोळा येतो." ती आता पळत नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं. बिलोलीला आले तेव्हा ते मनात होतं.

तर मित्रा. नाव संघमित्रा, पण पूर्ण नाव फक्त हजेरीत. वडील एस.टी.त कंडक्टर, बिलोलीहून नांदेडवरून लातूरला जाणाऱ्या गाडीवर. आई अंगणवाडी सेविका. सहावीत होती तेव्हा मी मोठ्या मुलींचा खो-खो घेत होते आणि ही मैदानाच्या कडेला मांडी घालून बसलेली. खेळ संपल्यावर माझ्याकडे आली.

"बाई, ह्याच्यात आउट कसं व्हतेत?"

पोरी साधारणपणे विचारतात, मला घेता का. हिनं आउट कसं होतात ते विचारलं. मी सांगितलं: आठ जणी रांगेत बसतात, एक पाठलाग करते, पळणाऱ्या पोरीला हात लागला की ती बाद. पाठलाग करणारीनं एकदा दिशा धरली की मागे वळायचं नाही, वळायचं तर खांब ओलांडूनच. वळली तर फाऊल. तिनं सगळं ऐकलं, मग म्हणाली, "फाऊल कशापायी? वळलं तर काय व्हतंय?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मला उत्तरच येईना. इतकी वर्षं शिकवत होते, कोणी विचारलं नव्हतं. मी तिला रागावले आणि दुसऱ्या दिवशी संघात घेतलं.

दोन वर्षांत ती आमची सगळ्यात तयार पाठलागवाली झाली. पळणारी पोरगी पुढे असली की ही अंग जमिनीला समांतर करून सूर मारायची आणि टाचेला बोट लावायची. बोट लागलं की उठून दोन्ही हात वर, तोंडभर हसू. ढोपरं कायम सोललेली. तिची आई म्हणायची, "मॅडम, हिच्या ढोपराला मी हळद लावून लावून दमले, आता भाजीत घालायला उरंना."

पुढे नांदेडचे एक सर आमच्या शाळेत हँडबॉल घेऊन आले. गोलखांब उभे केले, नियम सांगितले. मित्राला चेंडू मिळाला. टप्पे मारत सुसाट सुटली, दोघींना चुकवलं, गोलकीपरसमोर पोचली, सगळ्या ओरडतायत, "मार! गोल मार!" आणि ही बया गोलखांबाला वळसा घालून, मागून फिरून, चेंडू घेऊन परत मैदानात! सर डोक्याला हात लावून खाली बसले. मी ओरडले, "अगं काय करलालीस?"

"बाई, खांब ओलांडल्याबिगर फिरलं तर फाऊल व्हईल की!"

तिला वाटलं होतं जगातल्या सगळ्या खेळांना हाच नियम असतो. आमच्या पोरींना खो-खोशिवाय दुसरं काही माहीतच नसतं, मग दुसरं काय होणार? पण संध्याकाळपर्यंत तिनं सरांचं डोकं खाऊन हँडबॉलचे सगळे नियम काढून घेतले, आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, ही पोरगी मला द्या. पण बाकीचं बंद करा."

हे वाक्य मी पुढे इतक्या जणांकडून ऐकलं! भालाफेकीचे सर तेच म्हणाले, खो-खोवाले तेच म्हणाले, तलवारबाजीच्या मॅडम आल्या त्या तेच म्हणाल्या. मित्रा सगळ्यांना "हाव सर, हाव मॅडम" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच मैदानावर सापडायची. स्टाफरूममध्ये तिचं नावच पडलं होतं, एक ना धड भाराभर चिंध्या. कोणीही भेटलं की विचारायचं, "काय हो, तुमची मित्रा नेमका कोणता खेळ खेळते?" मी म्हणायचे, "आज कोणता वार आहे?"

एकदा भाल्याच्या सरांनी तिला समजावलं की मोठेपणी सात प्रकारांचा मिळून एक खेळ असतो, पळणं, उडी, गोळा, भाला सगळं त्यात येतं, तो धर. मला वाटलं सुटला प्रश्न. मित्रानं विचार केला. "त्यात बी तेच सात असतेत ना सर? दरवेळी तेच?" सर माझ्याकडे बघत राहिले. मी हसू दाबायला शिट्टी तोंडात धरली.

तिला जिंकायला आवडत नव्हतं असं नाही. हरली की जेवायची नाही, आईशी भांडायची. पण नवीन काही दिसलं की तिच्या अंगात यायचं. गावात एक तालीम आहे. तिथल्या कुस्तीच्या हौद्यातली लाल माती बघून ती वस्तादांना विचारायला गेली की ही माती अशी मऊ कशी. वस्ताद म्हातारे, रागीट, मुलींना उंबऱ्याच्या आत घेत नसत. बाहेरूनच सांगितलं, "ताक, तेल, हळद, लिंबू घालतो. चल जा." ही दुसऱ्या दिवशी परत. ताक किती? हळद कशाला? म्हातारा वैतागून म्हणाला, "एवढंच हाय तर घे खोरं आनि उकर माती." घेतलं की तिनं खोरं! किती तरी दिवस नुसती माती उकरत होती. शेवटी वस्तादांनीच तिला दोन डाव दाखवले. मला म्हणाले, "मॅडम, पोरगी प्रश्न इचारून इचारून बेजार करती. पन मान लई मजबूत हाय."

ती अकरावीला गेली तेव्हा तिच्या वडिलांनी मला घरी बोलावलं. जयभीम झाला, चहा आला. माणूस सरळ, कमी बोलणारा. त्या दिवशी मात्र मनात जुळवून ठेवलेलं सगळं बोलले.

"मॅडम, तुमचे उपकार हायेत. पन मला एक सांगा, एवढं खेळून हिच्या हाती काय हाय? ह्याच्यात जिल्हा, त्याच्यात जिल्हा. एकात बी राज्य न्हाई. एक धरली असती तर आज पदक असतं, उद्या नोकरी असती. हिच्या वर्गातल्या पोरी लातूरला क्लासला गेल्या. मी हिला कुठवर असं फिरू देऊ?"

मी म्हटलं, "तिला आनंद होतो त्यात."

"आनंद मला बी दिसतो. पन आनंद बघून नोकरी कोन देतंय?"

त्यांच्या घरात सरकारी नोकरी मिळालेली पहिली पिढी म्हणजे तेच, आणि ती शिडी पोरीच्या पायाखालून निसटेल ही त्यांची भीती खरी होती. शेवटी त्यांनी अट घातली. हे एक वर्ष. या वर्षात राज्याला गेली तर खेळावं, मी आडवा येणार नाही. नाही गेली तर लातूरला आत्याकडे राहायचं, क्लास लावायचा, पुढे नर्सिंग. खेळ कायमचा बंद.

"कुठल्याही खेळात गेली तरी?" मी विचारलं.

"कुठल्या बी."

मित्रा दाराशी उभी होती. तिचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. मला बाहेर सोडायला आली तेव्हा म्हणाली, "बाई, माझं नाव सगळ्यात टाका." मी टाकलं. आणि घरी जाताना स्वतःशी ठरवलं की या पोरीला राज्याला नेल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. मी एकदा ठरवलं की ठरवलं, हे आमच्या घरी आप्पांपासून सगळ्यांना ठाऊक आहे.

पहिला दणका जिल्ह्यालाच बसला, खो-खोच्या अंतिम सामन्यात हरलो. हँडबॉलचा संघ विभागापर्यंत गेला आणि तिथे गारद. भाल्यात विभागाला पहिल्या दोघी पुढे जाणार होत्या, ही तिसरी आली. तलवारबाजीत जिल्ह्यालाच बाहेर. प्रत्येक वेळी परतीच्या जीपमध्ये ती खिडकीशी बसायची आणि एक शब्द बोलायची नाही. ज्या पोरीचं तोंड कधी बंद नसायचं, तिची ती शांतता मला सोसत नव्हती.

तेव्हा एका सहकारी सरांनी मला तो हुशार पालकांचा मार्ग सुचवला. एक खेळ आहे, विभागात दुसरी एंट्रीच नाही, मी बोलतो, थेट राज्य. खोटं कशाला बोलू, माझं मन पाघळलं. नियमात बसत होतं, आणि पोरीचा खेळ वाचत होता. मी मित्राला बोलावून सांगितलं. ती म्हणाली, "समोर कुनीच नसंल तर खेळायचं कुनासंगं?"

"अगं, तुझे पप्पा..."

"न्हाई बाई. मग क्लासच लावते मी."

तिच्या आवाजात एवढी जिद्द होती की मी पुन्हा तो विषय काढला नाही. आता राहिली एकच, कुस्ती. जिल्ह्यात तिच्या वजनगटात एकच मुलगी होती, तिला मित्रानं हरवलं होतं. विभागाची स्पर्धा लातूरला. पहिली येईल तीच राज्याला.

वस्तादांना प्रवास झेपत नव्हता, म्हणून कोपऱ्यात बसायला मीच. कुस्तीतलं मला कितपत कळत होतं? टीव्हीवर बघितलेलं, आणि वस्तादांनी निघताना कानात घातलेलं, तेवढंच. सकाळी वजन करायच्या आधी कळलं की आईनं दिलेले धपाटे बाईसाहेबांनी वाटेतच फस्त केलेत. वजन थोडं जास्त भरलं. मग स्वेटर घालून तिला हॉलभोवती पळवलं, मी मागून ओरडत, लोक थांबून बघतायत. घाम काढून एकदाची काट्यावर बसवली.

पहिल्या दोन कुस्त्या तिनं ताकदीवर काढल्या. अंतिम कुस्तीला समोर होती किल्लारीकडची एक मुलगी. चुलते पैलवान, लहानपणापासून मॅटवर वाढलेली. तिची उभं राहण्याची रीतच सांगत होती की ही शिकून आलेली आहे. तेवढ्यात दाराशी मला खाकी कपडे दिसले. मित्राचे वडील. त्यांची गाडी लातूरला पोचली होती, परतीच्या फेरीला थोडा वेळ होता, म्हणून तिकिटाचं मशीन गळ्यात तसंच ठेवून धावत आले होते. मागे भिंतीला टेकून उभे राहिले.

शिट्टी झाली. दोघी एकमेकींभोवती फिरल्या. ती मुलगी सावध, लांबून फिरत होती, इतक्या लांबून पाय धरायला कोणी झेपावत नाही. आणि मित्रानं सूर मारला! तोच, खो-खोतला. ती पोरगी दचकून मागे सरली, पण मित्राचा हात तिच्या टाचेला लागला. मी जागेवरून उठलेच. पाय हातात आला होता.

आणि आमची मित्रा पाय सोडून उठली. उठून दोन्ही हात वर केले, पंचांकडे बघितलं आणि तोंडभर हसली. तिच्या हिशेबानं ती पोरगी बाद झाली होती.

त्या मुलीला कळेना हे काय चाललंय. पण शिकलेली होती. तिनं पाठीमागून मित्राच्या कमरेला मिठी घातली, मॅटवर आणली, दोनदा फिरवली. पंच गुण देतायत आणि सगळा हॉल हसतोय. मुली हसतायत, पोरं हसतायत, बाकीचे प्रशिक्षक पोट धरून हसतायत. मी दाराकडे बघितलं. वडील मान खाली घालून घड्याळ बघत होते. फेरीची वेळ झाली होती. ते वळले आणि गेले.

पहिली फेरी संपली. मित्रा कोपऱ्यात आली, धापा टाकत. "बाई, ती बाद न्हाई झाली का? मी शिवले व्हते की तिला!"

माझा संताप, रडू, सगळं एकदम बाहेर आलं. तिचे दोन्ही खांदे धरून मी हलवलं. "अगं भवाने, कुस्ती आहे ही! इथं शिवून कोणी बाद होत नाही! धरायचं! धरलं की जीव गेला तरी सोडायचं नाही!"

मग तिच्या चेहऱ्यावर ते आलं, जे नवीन नियम कळल्यावर यायचं.

"सोडायचंच न्हाई? आसं व्हय? मग तर लई सोपं हाय की बाई! खो-खोत शिवून सोडून द्यावं लागतंय म्हनून सोडले मी!"

हॉलमधलं हसू तिच्या कानावर पडलंच नव्हतं. तिला फक्त नियम कळला नव्हता, आणि आता कळला होता.

दुसरी फेरी सुरू झाली आणि लगेच सूर. या वेळी दोन्ही हातांनी घोटा धरला. ती मुलगी वरून दाबतेय, ढकलतेय, ही पालथी पडून चिकटलेली. शेवटी तिचा तोल गेला आणि ती बसली, मित्रा अंगावर चढली. गुण. उभ्या राहिल्या, परत सूर, परत घोटा. आता ती पोरगी घाबरली आणि मागे मागे सरकायला लागली. पण मागे सरणाऱ्या पोरीला कडेपर्यंत नेणं हे तर मित्रा सहावीपासून करत आली होती. कुस्तीत घेऱ्याबाहेर पाय गेला की समोरचीला गुण मिळतो. एकदा गेला. पुन्हा गेला. हॉल आता हसत नव्हता, शिट्ट्या मारत होता. माझा घसा गेला होता, तरी मी ओरडत होते, "सोडू नको! मित्रे, सोडू नको!" शेवटची शिट्टी झाली तेव्हा ती एका गुणानं पुढे होती. पंचांनी तिचा हात वर केला तरी तिनं दुसऱ्या हातानं त्या मुलीचं मनगट धरून ठेवलं होतं. मीच जाऊन सोडवलं, आणि मग तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले. एवढ्या लोकांत. लाज वाटली नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते. राज्याला ती पहिल्याच कुस्तीत हरली, आणि येताना तिथल्या मुलींकडून तीन नवे डाव शिकून आली. पुढच्या वर्षी भाल्यात राज्याचं पदक मिळालं. विद्यापीठाकडून हँडबॉल खेळली, तलवारबाजीत पदक आणलं, एका वर्षी खो-खो संघाची कप्तान होती. आता पोलीस खात्यात आहे, खेळाडूंच्या जागेवरच लागली. मागच्या महिन्यात फोन आला, "बाई, हितं वल्ही मारायची बोट आलीय. मी बसून बघितले. उलटली." आणि खदखदून हसली. भाराभर चिंध्या म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण आता सत्काराला तिच्या शेजारी बसतात. बसोत बापडे.

पण मला सांगायची आहे ती त्या दिवशीची परतीची एस.टी.

हॉलमधून धावतपळत स्टँडवर पोचलो. वडिलांची गाडी सुटायलाच आली होती, गर्दी खच्चून. ते तिकिटं फाडत, म्हणजे मशीनमधून काढत, आमच्यापर्यंत आले. मित्राकडे बघितलं नाही. माझं तिकीट हातात दिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "सगळा हॉल हसून राहिला व्हता मॅडम. माझ्या पोरीला. म्या खाकी घालून मागं उभा." मागच्याचे सुट्टे मोजून दिले. "जाऊ द्या. झालं ते झालं. आत्याला फोन करतो आज."

"जिंकली ती," मी म्हटलं. माझा आवाज बसलेला, त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा ओरडले, फाटक्या आवाजात, की सगळी गाडी वळून बघायला लागली. "अहो, तुम्ही गेल्यावर जिंकली! राज्याला चालली तुमची पोरगी!"

ते मागे जाऊन आपल्या सीटवर बसले आणि रुमालानं तोंड पुसत राहिले. एक म्हातारी तिकीट मागत होती, तिला म्हणाले, "थांब माय, देतो."

अहमदपूरला बरीच माणसं उतरली. गाडी मोकळी झाल्यावर ते आमच्या समोरच्या सीटवर येऊन बसले. मित्राच्या कपाळावर मॅटनं घासल्याचा लाल डाग होता, तो बघितला. मग विचारलं, "आता कुस्तीच का?"

मला कळलं, हा खरा प्रश्न. तिनं "हाव" म्हणावं, निदान आजच्यापुरतं, असं मला मनापासून वाटलं. मी तिच्या पायाला पाय लावला. तिनं पाय बाजूला घेतला.

"न्हाई पप्पा," ती म्हणाली. "कुस्ती बी."

मी भांडायला तोंड उघडलं. काय काय बोलायचं ते सगळं घशाशी आलं होतं. त्यांनी उभ्या प्रवाशाला थांबवतात तसा हात वर केला.

"मॅडम, मी लागलो तवापासून ह्याच रोडला हाय. कुठं खड्डा हाय ते डोळे झाकून सांगतो. एकदा साहेबांनी इचारलं व्हतं, दुसरीकडं जातोस का, कोल्हापूर साइडला. लई मन झालं व्हतं. पन भ्यालो, आनि राहिलो. एकच धरून काय व्हतंय, ते मला इचारा."

मित्रा बापाकडे टक लावून बघत होती. मला वाटतं तिनं त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नसावं. तिचे डोळे भरून आले होते. एवढ्या हरण्यांत नव्हते आले.

ते उठले, मशीन गळ्यात नीट केलं. "आज अर्धाच खेळ बघून गेलो. पुढल्या बारीला रजा टाकून येतो."

"कुठल्या खेळाला पप्पा?"

"आसंल त्याला," ते म्हणाले, आणि लोह्याला उतरणाऱ्यांना आवाज देत पुढे गेले.